दुकानातलं बोलणं

माझी बायको गोपिका मेली तेव्हा तुळशीचं लग्न व्हायचं होतं. मेली म्हटलेलं लोकांना खुपतं. ते म्हणतात गेली, वारली, सुटली. मीही आधी तसंच म्हणायचो. आता मेली म्हणतो. का, ते सांगतो.

आमचं घर तांडापेठेत. आम्ही कोष्टी. वडिलांपर्यंत घरात हातमाग होता, नंतर तो मोडून विकला. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर आहे. सकाळी डबा घेऊन निघायचं, दिवे लागल्यावर परत यायचं. घर आणि मुलं गोपिकानंच पाहिली. मुलगी ऋतुजा बेसाला दिली आहे. मुलाचं नाव प्रज्वल, घरी त्याला गोलू म्हणतो. पंचविशी ओलांडली त्यानं.

गोलूला ऑटिझम आहे. हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला. तो मोठा झाल्यावर सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितला. त्याआधी कोणी त्याला हट्टी म्हणायचं, कोणी येडा म्हणायचं. तो बोलतो, पण जे आहे तेच बोलतो. डोक्याला कोणी हात लावलेला त्याला चालत नाही. मोठा आवाज झाला की कान दाबून पुढेमागे झुलतो. दहावीनंतर त्याला एका स्टेशनरीच्या दुकानात लावला होता. गिऱ्हाईक काही विचारायचं आणि हा गप. दुकानदारानं काढून टाकलं. मग वर्षभर घरात होता. भिंतीवर डोकं आपटायचा. गोपिका भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला हात ठेवून बसायची.

मग तिनंच गांधीबागेतल्या साड्यांच्या एका मोठ्या दुकानात त्याचं काम लावलं. घड्या करायचं काम. तिथं गिऱ्हाइकासमोर गादीवर साड्या उलगडून फेकतात. गिऱ्हाईक ढीगभर पाहतं आणि दोन घेतं. बाकीच्या पुन्हा घडी करून ठेवाव्या लागतात. गोलू फार भराभर करतो असं नाही. दुकानातली दुसरी पोरं त्याच्यापेक्षा चपळ आहेत. पण तो मधेच उठत नाही, फोन पाहत नाही. हातात कापड असलं की तो शांत असतो. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

नुसती घडी करून भागत नाही, गिऱ्हाइकाशी बोलावंही लागतं. ते तिनं त्याला घरी शिकवलं. खाटेवर आपल्याच साड्या मांडायची आणि गिऱ्हाईक व्हायची.

"दादा, हा रंग मले कसा दिसन?"

"चांगला नाही दिसत."

"अरे, हे घरातलं बोलणं झालं. दुकानातलं बोलणं वेगळं असते. दुकानात म्हणायचं, छान दिसते ताई."

"पण नाही दिसत."

"मले माहीत आहे बाबू. पण साडी तिले नेसायची आहे, तुले नाही."

हे त्याला पटलं. मग तिनं सांगितलं, कोणी विचारलं तर गप राहायचं नाही. उत्तर येत नसलं तर म्हणायचं, "थांबा जी, काकाले बोलावतो." काका म्हणजे धम्मानंद, दुकानातला जुना सेल्समन. त्याचं गोलूवर लक्ष असायचं. हे सगळं मी जेवताना गोपिकाकडून ऐकायचो आणि हसायचो. ती कसं शिकवते ते मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. त्या वेळी मी गोदामात असायचो. दुपारी डबा घेऊन तीच दुकानात जायची. जिन्याच्या पायरीवर दोघं जेवायचे.

ती आजारी पडली आणि आठवड्याच्या आत मेली. आग गोलूनं दिली. त्यामुळे दहाव्याला केस त्याचेच काढायचे होते. मला धास्ती होती. त्याचे केस आजवर गोपिकाच कापायची, घरी, कात्रीनं. मी तिची एक सुती साडी घाटावर नेली आणि त्याच्या हातात दिली. न्हावी वस्तरा चालवत होता आणि गोलू साडीची घडी करत होता, उलगडत होता, पुन्हा करत होता. डोकं एकदाही हाललं नाही.

"कोण म्हणते जी, हा पोरगा येडा आहे?" न्हावी म्हणाला. "माह्याकडे शहाणेच जास्त हालतात."

झाल्यावर गोलूनं विचारलं, "बाबा, केस काहून काढले?"

"आई गेली म्हणून."

"गेली नाही. मेली. गेली असती तर आली असती."

भाऊबंद एकमेकांकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "हो बाबू. मेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला. माझ्या हातचा चहा तिच्यासारखा होत नाही. गोलू कपाकडे पाहून म्हणाला, "आई मेली." मी म्हटलं, "हो, मेली." मग त्यानं चहा प्यायला. त्याच्या पुढच्या सकाळीही तसंच. मग रोजचंच झालं. पहिले काही दिवस काळजात सुरी घातल्यासारखं व्हायचं. पुढे मी त्याची वाट पाहायला लागलो. भेटायला येणारा प्रत्येक जण मला धीर देत होता. देवाला आवडली म्हणत होता, सौभाग्यानं गेली म्हणत होता. ऋतुजासमोर मी रडू शकत नव्हतो, कारण मग तीही रडायची. गोलू मात्र जे झालं ते म्हणायचा आणि मी हो म्हणायचो. माझं रडणं तेवढ्यात होऊन जायचं.

तेरवी झाली आणि गोलू दुकानात जायला लागला. तोवर लग्नाचे बस्ते सुरू झाले होते. आमच्याकडे लग्नाचे कपडे घ्यायला दोन्हीकडची मंडळी एकत्र येतात, त्याला बस्ता म्हणतात. पहिल्या शालूला हळदीकुंकू लावतात, पेढा वाटतात. त्या दिवशी सावनेरकडचा मोठा बस्ता आला होता. पुढचं मला धम्मानंदनं सांगितलं. शालूला हळदीकुंकू लागलं होतं. नवरीनं तो खांद्यावर घेऊन फोनवर पुण्याच्या बहिणीला दाखवला होता. मग तो गोलूकडे घडीला आला. नवरीची आई मोकळ्या स्वभावाची होती. ती गमतीनं म्हणाली, "काय गा भाऊ, इतक्यातच टक्कल? का तिरुपतीले केस देऊन आला?"

सगळे हसले. गोलूला शिकवलं होतं, गप राहायचं नाही. तो म्हणाला, "नाही. माझी आई मेली. मी आग दिली. म्हणून काढले."

हसणं थांबलं. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. नवरीच्या आईनं गोलूच्या हातातल्या त्या शालूकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या. हा नको आम्हाले." धम्मानंदनं दुसरे शालू काढले, शेठजी स्वतः उठून आले, पण मंडळी चपला घालून समोरच्या दुकानात गेली.

घरी आल्यावर गोलू मला एवढंच म्हणाला, "बाबा, शालू ठेवून दिला त्या बाईनं. घडी बरोबर होती."

शेठजींनी मला बोलावलं. मी अर्ध्या दिवसाची सुटी टाकून गेलो. शेठजी वाईट माणूस नाही. चहा मागवला.

"हेमराजभाऊ, मी आजवर काही बोललो का? झुलतो तर झुलू दिलं. गुणगुणतो तर गुणगुणू दिलं. पण सीझन आहे. लोक शुभकार्याले येतात."

"केस येईपर्यंत वर गोदामात बसवा शेठजी."

"बसवून पाहिलं. वर लिफ्टचा आवाज आहे. कान दाबून कोपऱ्यात बसला तो."

"मग केस येईपर्यंत घरी ठेवतो."

शेठजींनी कप खाली ठेवला. "तोपर्यंत घडीवाला लागन ना मले. नवीन माणूस लावला, मग त्याले कसा काढू?"

मला भिंत दिसली. भिंत आणि डोकं. मधे ठेवायला हात नाही. मी दिवसभर वाडीला. आणि मी साठीला आलो आहे. माझ्यामागे या मुलाला कोण? निदान सकाळी उठून जायला एक जागा आहे, तिथली माणसं त्याला ओळखतात. ती जागा गेली तर दुसरी मी आणणार कुठून?

शेठजीच म्हणाले, "एक काम करा. त्या बाईनं बोलता बोलता रस्ता दाखवून दिला. तिरुपतीले गेलो होतो, एवढं म्हणू द्या त्याले. तिरुपतीचं टक्कल लोक शुभ मानतात. कोणी ना नाही म्हणणार. जमन?"

मी म्हटलं, "जमवतो."

संध्याकाळी मी खाटेवर साड्या मांडल्या. गोपिकाच्याच. त्यांना हात लावणं जड जात होतं, पण मांडल्या. मी खाटेवर बसलो आणि म्हटलं, "गोलू, मी आता गिऱ्हाईक."

तो दारात उभा राहून माझ्याकडे पाहत होता. "पर्स कुठी आहे?"

"कोणाची पर्स?"

"गिऱ्हाइकाची."

मला वाटलं आईची आठवण काढतो आहे. म्हटलं, "राहू दे पर्स. तू बस. भाऊ, टक्कल काहून केलं गा?"

"आई मेली."

"नाही. म्हणायचं, तिरुपतीले गेलो होतो."

"तिरुपतीले नाही गेलो आपण. रामटेकले गेलतो."

"माहीत आहे. पण रामटेकले केस नाही देत कोणी."

"आई नाही म्हणत असं. आई म्हणते, दादा, मोरपंखी दाखवा."

मला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. मी बाईसारखा आवाज काढून पाहिला. "दादा, मोरपंखी दाखवा. अन् टक्कल काहून केलं?" तो हसला नाही. दाराकडे आणि दारामागच्या खिळ्याकडे पाहत म्हणाला, "पर्स." मी वैतागलो. "पर्स नाही लागत! गोलू, हे दुकानातलं बोलणं आहे. आईनं शिकवलं होतं ना?"

"हे घर आहे," तो म्हणाला. "तू बाबा आहे."

"असू दे. तरी म्हण."

काही संध्याकाळी गेल्या अशा. मी विचारायचो, तो चुकायचा, मी पुन्हा विचारायचो. जेवताना विचारायचो. चपला घालताना विचारायचो. एकदा तो न्हाणीत होता तेव्हा बाहेरून विचारलं. मला घाई होती. शेठजींनी तोपर्यंत त्याला मागे पिशव्या लावायला बसवलं होतं आणि ते किती दिवस चालणार होतं? शेवटी एक दिवस मी विचारलं आणि तो लगेच म्हणाला, "तिरुपतीले गेलो होतो." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मी त्याला जिलेबी आणून दिली.

पुढच्या बस्त्याला त्याला गादीवर बसवलं. धम्मानंद संध्याकाळी आमच्या घरी आला. आत न येता दारातच उभा राहिला.

"जमलं हेमराजभाऊ. एका बाईनं विचारलं, पोरानं बरोबर सांगतलं. बाई खूश. शेठही खूश."

"मग तुझं तोंड काहून उतरलं गा?"

"तिनं पुढं विचारलं ना. म्हणे, किती छान, आई-बाबा होते का सोबत? गोलू म्हणाला, थांबा जी, काकाले बोलावतो. सारे माह्याकडे पाहून राहिले. मी म्हटलं, हो हो, सारेच गेलते." त्यानं दाराची चौकट धरली. "आमच्यात हे विटाळ-अपशकुन काही नाही मानत भाऊ. तरी माह्या तोंडातून निघालं. दुपारी पायरीवर जेवाले बसलो तर वहिनींच्या जागेकडं पाहावलं नाही."

मी त्याचा हात धरला. काम टिकलं होतं. त्या दिवशी बऱ्याच काळानं मला झोप लागली.

सकाळी चहा ओतला. गोलूनं कप घेतला आणि प्यायला. मी वाट पाहत राहिलो. तो कप धुऊन ठेवायला उठला.

"गोलू, आज बोलला नाही तू."

"काय?"

"आईचं."

तो माझ्याकडे वळला. सरळ उभा राहिला, दोन्ही हात पुढे जोडून, दुकानात उभा राहतो तसा. "तिरुपतीले गेलो होतो," तो म्हणाला.

"अरे, मी बाबा आहे. मले सांग. आई कुठी आहे?"

त्याची नजर माझ्या खांद्यावर गेली, मग खाली. "थांबा जी," तो म्हणाला, "काकाले बोलावतो."

मला त्यानं जन्मात कधी जी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच म्हटलं, "आई मेली, गोलू." म्हटलं, निदान हो म्हणेल. तो म्हणाला, "छान दिसते ताई." आणि कानावर हात ठेवले. मी पुन्हा म्हटलं नाही. घरात दोघं होतो आणि तिचं मरण माझ्या एकट्याकडे राहिलं. मी ते घेऊन वाडीला जायचो, परत यायचो. गोदामात एकदा ट्रकमागे उभा राहून स्वतःशीच म्हणून पाहिलं, मेली. ऐकायला कोणी नसलं की त्या शब्दाचं काही होत नाही.

रविवारी ऋतुजा आली. मी तिला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"बाबा, शिकवताना पर्स घेतली होती?"

"तोही पर्स पर्स करत होता. कोणती पर्स वं?"

ती आत गेली आणि दारामागच्या खिळ्यावरून एक जुनी लाल पर्स काढून आणली. ती मी वर्षानुवर्षं तिथं पाहत होतो. मला नेहमी नवल वाटायचं, कारण गोपिका बाहेर जाताना कापडी पिशवीच न्यायची. मी पर्स उघडली. आत चिंध्या भरल्या होत्या, फुगीर दिसावी म्हणून.

"आई पहिले बाहेर जायची," ऋतुजा म्हणाली. "दार लावून. मग पर्स खांद्याला लावून आत यायची, तेव्हा ती गिऱ्हाईक. पर्स आहे तोवर दुकानातलं बोलणं. झालं की पुन्हा बाहेर जायची, पर्स पायरीवर ठेवायची, अन् हात हलवत आत यायची. मग ती आई. एकदाही चुकवलं नाही तिनं. तुम्ही घरी नसायचे, तुम्हाले कुठून माहीत असणार?"

मी खाली बसलो. मी कधी बाहेर गेलोच नव्हतो. खाटेवर बसून गिऱ्हाईक झालो, जेवताना झालो, न्हाणीच्या दाराशी झालो. त्यानं पर्स मागितली, तर ओरडलो. त्याच्यासाठी दुकान बंदच झालं नव्हतं. मी अजून गिऱ्हाईकच होतो आणि गिऱ्हाइकाला आई मेल्याचं सांगायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

ऋतुजा गेल्यावर मी पर्स खांद्याला लावली आणि गल्लीत जाऊन दार ओढून घेतलं. समोरची रुखमाबाई गहू निवडत होती.

"काय जी हेमराजभाऊ, पर्स लावून कुठी निघाले?"

"साड्या घेऊन राहिलो," मी म्हटलं.

ती हसली नाही. खाली मान घालून पुन्हा गहू निवडायला लागली.

मी दार ढकलून आत गेलो. गोलू खाटेवर बसला होता. पर्स पाहताच उठला आणि हात जोडून उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, ओळखीचं माणूस दिसावं तसा.

"दादा, मोरपंखी दाखवा," मी म्हटलं.

त्यानं एक साडी पुढे केली. मोरपंखी नव्हती. "छान दिसते ताई."

"टक्कल काहून केलं गा?"

"तिरुपतीले गेलो होतो."

"बरं. येतो आता."

मी बाहेर गेलो. पर्स पायरीवर ठेवली. तिथं पायरीचा दगड जरा झिजला होता, तो मला आजवर दिसला नव्हता. मी हात मोकळे सोडले आणि आत आलो. दोन पावलांवर थांबलो. मला पुढचं येत नव्हतं. ती काय म्हणायची, काही म्हणायची का, हे ऋतुजाला विचारायचं राहून गेलं होतं.

गोलूनं माझ्या खांद्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या खांद्याकडे. मग दाराबाहेर पायरीकडे.

"बाबा," तो म्हणाला.

"हो."

"आई मेली."

"हो बाबू. मेली."

"आई मेली," तो पुन्हा म्हणाला.

"हो. मेली."

मला वाटलं झालं. पण तो पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. तो झुलायला लागला आणि म्हणत राहिला आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं. मधल्या ज्या सकाळी बोलायच्या राहून गेल्या होत्या, त्या सगळ्या तो आता बोलत होता. मी रडत होतो. त्यानं ते पाहिलं, पण थांबला नाही. सगळ्या सकाळी होईपर्यंत थांबला नाही.

मग खाटेवर बसून त्यानं आईच्या साड्या पुढ्यात ओढल्या आणि घड्या करायला लागला.

"उद्या बस्ता आहे," तो म्हणाला. "उमरेडवाले आहेत."

"हो."

"तिरुपतीले गेलो होतो म्हणू?"

"दुकानात म्हण."

"आई होती का म्हटलं तर?"

मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. केस नुकते उगवले होते, कापडाच्या काठासारखे बारीक. हात लावावासा वाटला. लावला नाही.

"काकाले बोलाव," मी म्हटलं.